दरवर्षी परत येणारा लव्हाळा, नकोसं झालेलं लॉन आणि भिंतीची बुरशी: काय करायचं आणि कधी

जुलै लागला की बंगल्यात किंवा रो-हाउसमध्ये राहणाऱ्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात आणि तक्रारी ठरलेल्या असतात. लव्हाळा काढून काढून दमलो, तरी परत येतो. लॉनमध्ये लॉन कमी आणि हरळी जास्त झाली आहे, आता ते सगळंच नको. आणि हॉलच्या त्या एका भिंतीला मागच्या दिवाळीत रंग दिला होता, तरी पुन्हा काळे ठिपके आले. तिन्ही कामांना तीन वेगळी माणसं बोलावली जातात. माळी खुरपून जातो, रंगारी पुट्टी भरून जातो, पुढच्या जुलैत पुन्हा फोन.

माझं म्हणणं साधं आहे. ही तिन्ही दुखणी दिसतात पावसाळ्यात, पण त्यांच्यावरचं खरं काम मार्च ते मे या महिन्यांत होतं. पावसात फक्त नीट बघायचं, खुणा करून ठेवायच्या आणि पसारा वाढू द्यायचा नाही. आणखी एक: ज्या घरात तिन्ही तक्रारी एकत्र असतात, तिथे पुष्कळदा कारणही एकच निघतं. भिंतीला चिकटून केलेलं लॉन किंवा वाफा, आणि त्याला रोज दिलेलं पाणी. त्याकडे पुढे येतोच.

आधी हातात घेऊन बघा

सगळ्याला 'गवत' म्हणायचं आणि एकच औषध मारायचं, यात निम्मे पैसे वाया जातात. एक काडी बुडाशी तोडून बोटांत फिरवा. तीन कडा बोटाला लागल्या तर तो लव्हाळा, म्हणजेच नागरमोथा. काडी गोल, जमिनीलगत सरपटणारी आणि पेरापेरावर मुळं धरणारी असेल तर हरळी. लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण गवताच्या कुळातला नाही. त्यामुळे सोयाबीनमध्ये गवतासाठी फवारतात ती क्विझालोफॉपसारखी औषधं त्याचं काहीही वाकडं करत नाहीत. हरळी पिवळी पडते, लव्हाळा हिरवागार राहतो आणि हरळीने मोकळी केलेली जागाही तोच बळकावतो.

कुंड्यांमधली तीन पानांची, पिवळ्या फुलांची, आंबट चवीची आंबुशी ही तिसरीच गोष्ट. ती बहुतेक वेळा नर्सरीच्या पिशवीतून घरात येते आणि शेंग पिकली की हात लागताच बी चौफेर उडवते. शेंगा धरायच्या आत उपटत राहायचं, बस. तिच्यावर याहून जास्त डोकं खर्च करू नका.

लव्हाळा: उपटला तरी का येतो

पातं ओढलं की हातात येतो तो वरचा शेंडा आणि फार तर बुडाचा छोटा फुगवटा. एकदा असं करून बघा. रोप ओढू नका, खुरप्याने वीतभर खोलीपर्यंतचा मातीचा ढेकूळ सबंध उचला आणि बादलीतल्या पाण्यात हलक्या हाताने धुवा. काळपट तपकिरी, साधारण हरभऱ्याएवढ्या गाठी दिसतील, काही त्याहून मोठ्या, आणि त्या एकमेकींना तारेसारख्या चिवट मुळांनी जोडलेल्या. एखादी गाठ नखाने खरवडली की आत पांढरा गर आणि वास ओळखीचा, दिवाळीच्या उटण्यातला. उटण्यात पडतो तो नागरमोथा म्हणजे याच गाठी.

या साखळीत वर पातं फुटलेली गाठ बाकीच्यांना फुटू देत नाही. आपण ओढतो तेव्हा साखळी तुटते आणि मागे राहिलेल्या गाठी एकेक करून जाग्या होतात. म्हणून खुरपणीनंतर पंधरवड्यात आधीपेक्षा दाट पाती दिसतात आणि माळ्यावर खापर फुटतं. पावसात, ओल्या जमिनीत रोटाव्हेटर फिरवला तर हेच मोठ्या प्रमाणावर होतं: साखळ्यांचे तुकडे सगळ्या प्लॉटभर पसरतात.

यावर दोन उपाय खरे आहेत, दोन्ही कंटाळवाणे.

पहिला उन्हाळ्यातला. बहुतेक गाठी वरच्या सहा इंचांत असतात आणि कडक उन्हात पूर्ण वाळल्या की मरतात. तेव्हा मार्चअखेर त्या जागेचं पाणी बंद करायचं. ही अट पाळली जात नाही, कारण शेजारच्या गुलाबाला पाणी घालायचं असतं आणि पाइप फिरतोच. गुलाबाला हातातल्या झारीने पाणी द्या. एप्रिलमध्ये टिकावाने किंवा कुदळीने वीतभर जमीन उलटी करायची आणि ढेकळं तशीच उन्हात पडू द्यायची. काळ्या मातीत मोठ्या ढेकळाच्या पोटात ओल टिकते आणि आतली गाठ जिवंत राहते, म्हणून आठ-दहा दिवसांनी ढेकळं फोडून पुन्हा पालथी घालायची. वळवाचा पाऊस झाला तर पुन्हा. हाताला लागतील त्या गाठी वेचून गच्चीवर किंवा फरशीवर कडकडीत वाळवायच्या. खताच्या खड्ड्यात ओल्या टाकू नका. तिथे त्या मजेत राहतात आणि पुढच्या वर्षी खताबरोबर परत बागेत येतात.

दुसरा उपाय उरलेल्या वर्षातला, उपाशी मारण्याचा. गाठ कोंब काढते तेव्हा स्वतःच्या साठ्यातून खर्च करते. रोपाला पाच-सहा पानं येईपर्यंत ती नवी गाठ धरत नाही. त्या आत पातं काढलं की खर्च झाला आणि जमा काहीच नाही. पावसाळी उबेत हा काळ दोन-तीन आठवड्यांचा असतो. म्हणजे दर पंधरा दिवसांनी एक फेरी, न चुकता. जूनमध्ये जोरात सुरुवात करून श्रावणात सण आले म्हणून सोडून दिलं तर त्या महिन्यात गाठींचं खातं परत भरतं. एका पावसाळ्यात लव्हाळा संपत नाही, पण पुढच्या वर्षी तो उघड उघड विरळ दिसतो. एवढा धीर नसेल तर वाफा लहान करा. निम्म्या जागेत नेमाने फेरी मारलेली बरी.

लव्हाळ्याला सावली सोसत नाही. फेऱ्या मारता मारता जागा दाट झाकणारं काही लावलं, रताळ्याचा वेल किंवा चवळी, तर काम हलकं होतं. काळा मल्चिंग पेपर मात्र याच्यापुढे हरतो. कोंबाचं टोक सुईसारखं असतं, ते कागद भोसकून वर येतं.

आता औषधांचं, कारण तो प्रश्न येतोच. उसात आणि मक्यात लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल वापरतात. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. पण फुलझाडं, भाज्या, वेली असं सगळं मिसळलेल्या घरच्या बागेत ते मारू नये, रुंद पानांची झाडं दगावू शकतात. ग्लायफोसेटबाबत केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरता येईल असं बंधन घातलं. दुकानदार बाटली काढून देतो म्हणून घरच्या पंपाने फवारणं त्यात बसत नाही. परवानाधारकाकडून करून घेणार असाल तर दोन गोष्टी बघा: पानं हिरवी, वाढती हवीत, उन्हाने मरगळलेली नकोत, आणि फवाऱ्याचं पाणी गढूळ नको, कारण ग्लायफोसेट मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं. पॅराक्वाट तर दारात आणू नका. ते वरचं हिरवं जाळतं, गाठी शाबूत राहतात आणि चुकून पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही.

मीठ, डिझेल, जुनं इंजिन ऑइल हे व्हॉट्सअॅपी इलाज मातीची वाट लावतात. पेव्हर ब्लॉकच्या फटींत उकळतं पाणी चालतं, कोवळ्या पात्यांवर, पुन्हा पुन्हा. तेवढंच.

लव्हाळा बागेत आला कुठून, हेही बघा. बहुतेक वेळा ट्रकने मागवलेल्या गाळाच्या मातीतून किंवा अर्धवट कुजलेल्या शेणखतातून. पुढची गाडी उतरवून घेण्याआधी दोन-चार ठिकाणची माती चाळणीतून काढून बघा. गाठी दिसल्या तर गाडी परत. माती स्वस्तात मिळाली याचं कौतुक मग वर्षानुवर्षं खुरपत बसावं लागतं.

हरळी आणि नको असलेलं लॉन

लॉन काढणं म्हणजे गालिचा गुंडाळणं अशी कल्पना असते. रोलमधून आणून अंथरलेलं आणि अजून नीट न रुजलेलं असेल तर तसं होतंही. पण जुन्या लॉनमध्ये वरच्या गवताखाली हरळी शिरलेली असते. त्यात नर्सरीवाले ज्याला 'सिलेक्शन वन' म्हणतात ते लॉन तर हरळीच्याच जातीचं. हरळीला वर सरपटणारे धावरे असतात आणि जमिनीत पांढरी, टोकदार, पेरांची खोडं. फावड्याने वरची दोन इंच साल काढली की जमीन स्वच्छ दिसते, पण खालच्या प्रत्येक पेराला डोळा असतो.

उन्हाळा हातात असेल तर ऊनच वापरा. एप्रिलच्या सुरुवातीला लॉन जमेल तितकं खरडून कापा, भरपूर पाणी देऊन जमीन ओली करा आणि वर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद अंथरा, २५ ते ५० मायक्रॉनचा. कडा चर खणून मातीत दाबायच्या, वाफ बाहेर जाता कामा नये. चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं. ओली माती उष्णता खाली नेते, कोरडी नेत नाही, म्हणून इथे पाणी द्यायचं आणि लव्हाळ्याच्या वाळवणीत मात्र तोडायचं. दोन्ही एकाच वाफ्यात एकाच वेळी करता येत नाही, आधी ठरवा. काळा कागद लोक घेतात कारण तो तापलेला हाताला लागतो. तापतो कागदच, खालची माती पारदर्शकाखाली जास्त तापते. शिवाय पारदर्शक कागदाखाली लव्हाळ्याच्या कोंबाला उजेड मिळतो, तो तिथेच पान उघडतो आणि होरपळतो. तरी खोलवरच्या गाठी या पद्धतीने मरत नाहीत. हरळीचा वरचा थर जातो आणि उरलेली जून-जुलैत हाताने काढण्याइतकी कमी राहते.

उन्हाळा निसटला असेल तर पावसाळ्यात सावली. हरळी सगळं सोसते, सावली सोसत नाही. आंब्याखाली हरळी माजलेली कधी दिसत नाही. मृगाचा पाऊस झाला की लॉन खरवडून तिथे ताग दाट फेका. महिना-दीड महिन्यात तो कमरेच्या वर जातो आणि खाली अंधार होतो. फुलावर यायच्या सुमाराला कापून तिथेच गाडा. मातीला खतही झालं. सोसायटीतल्या शेजाऱ्यांना दारात शेत उगवल्यासारखं वाटेल, ते दीड महिना वाटू द्या.

पुठ्ठे अंथरून वर पालापाचोळा घालण्याची पद्धतही चालते. खोक्यांची चिकटपट्टी आणि पिना काढायच्या, पुठ्ठे एकमेकांवर वीतभर चढवायचे, वर चार-सहा इंच पाला. एक सावधगिरी: ओला पुठ्ठा म्हणजे वाळवीला जेवणाचं निमंत्रण. घराच्या भिंतीपासून आणि लाकडी दारांपासून चांगला तीन-चार फूट लांबच ठेवा.

बाप्पाच्या दूर्वांसाठी थोडी हरळी राहू द्यायची असते, हा मुद्दा प्रत्येक घरात निघतो आणि रास्त आहे. ती कुंडीत ठेवा आणि कुंडी फरशीवर ठेवा. कुंडी मातीवर टेकली की तळाच्या भोकातून ती पुन्हा जमिनीत.

गाजर गवत, थोडक्यात

याची पहिली नोंद भारतात झाली ती पुण्यातच, १९५५ च्या सुमाराला. आता रिकामा प्लॉट तिथे गाजर गवत. इथे गाठींची भानगड नाही, सगळा खेळ बियांचा आहे. एक झाड हजारोंनी बी टाकतं. पाऊस पडून जमीन मऊ झाली की फुलं यायच्या आत मुळासकट उपटायचं. वरून कापलं तर बुडातून फुटतं. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि नाकाला फडकं, कारण याने अंगावर पुरळ उठतं, दमेकऱ्यांना त्रास होतो. फुलावर आलेलं उपटून ढीग घालू नका, ढिगातही बी पिकतं. पानं चाळण झालेली आणि त्यावर पांढुरके, काळ्या रेघांचे छोटे भुंगे दिसले तर त्यांना हात लावू नका. ते १९८० च्या दशकात मेक्सिकोतून मुद्दाम आणून सोडलेले मित्र आहेत, गाजर गवतच खातात. शेजारचा रिकामा प्लॉट आपला नसेल तर कुंपणालगत टाकळा वाढू द्या, तो याला जागा देत नाही.

भिंत: पाणी कुठे मुरतंय ते आधी शोधा

आधी ती बुरशीच आहे का? भिंतीवर पांढरा कापसासारखा थर दिसला की लोक बुरशीचं औषध आणतात. त्यावर पाण्याचा फवारा मारा. विरघळून दिसेनासा झाला तर तो लोणा, म्हणजे विटा-सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर आलेले. बुरशी पाण्यात विरघळत नाही, कुबट वास येतो आणि रंग काळा, हिरवट, कधी राखाडी. लोणा असो की बुरशी, मूळ कारण ओलच, पण लोणा दिसला म्हणजे पाणी भिंतीच्या आतून येतंय याची खात्री झाली.

मग डाग कुठे आहे ते बघा, कारण जागाच बरंच सांगते. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतचा पट्टा आणि वर वेडीवाकडी रेघ असेल तर पाणी खालून चढतंय किंवा पलीकडे बाथरूम आहे. छताच्या कोपऱ्यात असेल तर गच्ची, किंवा वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून मिशांसारखा उतरत असेल तर खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्याला उतार नाही, किंवा छज्जाच्या खालच्या बाजूला पाणी तोडणारी खाच नाही. उभी सरळ रेघ असेल तर भिंतीत पाइप आहे. नैऋत्येकडची किंवा पश्चिमेकडची आख्खी भिंत ओली असेल तर झड आत येतेय, आणि ती बहुधा बीम आणि विटांच्या सांध्यावरच्या केसासारख्या भेगेतून. फक्त कपाटामागे किंवा पलंगामागे ठिपके असतील तर दोष बहुतेक खोलीतल्या दमट हवेचा.

शेवटच्या दोन शक्यतांत गोंधळ होतो, तेव्हा डागावर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतली. बाहेरच्या बाजूला दमटपणा आणि आत कोरडं असेल तर ओल हवेतली. आणि आणखी एक फुकटची चाचणी: डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून शेजारी तारीख लिहा. जूनमध्ये, ऑगस्टमध्ये, पुन्हा जानेवारीत आणि एप्रिलमध्ये. एप्रिलमध्येही ओली राहते ती ओल पावसाची नाही. पाइप गळतोय, किंवा बाहेर कोणीतरी रोज पाणी घालतंय. पाइपचा संशय असेल तर रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहा आणि सकाळी, कोणी नळ सोडायच्या आत, पुन्हा वाचा.

आता ते लॉन. घराच्या जोत्यावर बांधकामाच्या वेळी डीपीसीचा थर घालतात, जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून. नंतर बाग करताना माती टाकली जाते, लॉन अंथरलं जातं, त्यावर दरवर्षी थोडं खत, थोडी लाल माती, आणि बाहेरची जमीन हळूहळू त्या थराच्या वर जाते. मग थर असून नसल्यासारखा. ओल बाजूने थेट विटेत शिरते. स्प्रिंकलरचा फवारा भिंतीवर पडत असेल तर विचारायलाच नको. अशा घरी हॉलची भिंत फोडायच्या आधी बाहेरची माती काढा. भिंतीपासून किमान दोन फुटांचा पट्टा मोकळा, माती जोत्याच्या सहा इंच खाली, उतार घरापासून बाहेर, वर जाड खडी. लव्हाळा-हरळी भिंतीच्या कडेच्या ज्या फटीत कायम येते ती जागाही याच कामात उघडी पडते. मग एक कोरडा मोसम भिंतीला द्या. कित्येकदा आतलं काम निम्म्यावर येतं.

गच्चीची शंका असेल तर मेमध्ये पन्हळांची तोंडं पोत्याने बंद करून दोन इंच पाणी साठवा आणि दोन-तीन दिवस ठेवा. खाली ओल उतरली तर गच्ची दोषी. नाही उतरली तर कठड्याचा सांधा आणि पाइपाभोवतीची जागा बघा. ही चाचणी केल्याशिवाय आख्ख्या गच्चीचा कोबा उखडायला तयार होणाऱ्या कंत्राटदाराला थोडं थांबवा.

आणि रंगाऱ्याचं. आतून डँपप्रूफ मारतो, दहा वर्षं बघायला नको, हे वाक्य दसऱ्याच्या सुमाराला सगळीकडे ऐकू येतं. पाणी बाहेरून येत असताना आतून घट्ट थर दिला की ते रंगामागे साठतं, पुढच्या आषाढात फुगे येतात आणि मग पोपडे. पुट्टी आणि पीओपी तर ओल धरून ठेवतात. वॉलपेपर किंवा प्लायवूडचं पॅनेलिंग करून डाग झाकला तर त्यामागे बुरशीला उबदार, अंधारी जागा मिळते, वॉलपेपरचा गोंद खायला. भेग बाहेरून बुजवायची. बीम-विटांच्या सांध्यावर प्लास्टर काढून, जाळी मारून, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने. आतलं प्लास्टर डागाच्या फूटभर पुढेपर्यंत काढायचं, भिंत वाळू द्यायची, मग नवीन प्लास्टर, आणि ते सुकायला साधारण महिना देऊन मगच रंग. हे वेळापत्रक मांडून बघा: मार्चमध्ये सुरू केलं तरच पावसाआधी उरकतं. दिवाळीच्या आठ दिवस आधी सुरू केलेलं काम ओल्या भिंतीवर होतं.

जुन्या, जाड भिंतींच्या घरात मी चुन्याकडे परत जायला सांगतो. चुना अल्कधर्मी, बुरशीला त्यावर जमत नाही, आणि भिंतीतली ओल तो अडवत नाही, बाहेर जाऊ देतो. मात्र प्लॅस्टिक पेंटवर चुना धरत नाही. आधीचा सगळा रंग खरवडावा लागतो, आणि मग दर एक-दोन वर्षांनी हात फिरवावा लागतो. ज्यांना हात टेकला की पांढरा होतो याचाच राग येतो त्यांनी या वाटेला जाऊ नये.

आत्ता, पावसात, आलेली बुरशी कशी पुसायची

कोरड्या ब्रशने झाडू नका, बीज खोलीभर उडतं. एन-९५ मास्क, हातमोजे, डोळ्यांना चष्मा. साबणाच्या पाण्याने आधी भिजवा, मग फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या. टाइल्स, काच, स्टील यांवर नंतर ब्लीच चालतं: चार लिटर पाण्यात जास्तीत जास्त एक कप, खिडकी उघडी ठेवून. प्लास्टरवर ब्लीच डागाचा रंग उडवतं, पण त्यातलं पाणी भिंतीत जिरतं आणि आतली बुरशी राहते. म्हणून भिंत पांढरी झाली की बरी झाली असं समजू नये. ब्लीच आणि संडास धुण्याचं अॅसिड कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठही नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि छोट्या बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. व्हिनेगरबरोबरही नको. डाग साधारण तीन बाय तीन फुटांहून मोठा असेल, किंवा घरात दम्याचं माणूस असेल, तर घरच्या घरी हे करू नये.

खिडक्या उघड्या ठेवा, हा सल्ला जागा बघून घ्या. पुणे-नाशिककडे पावसाने उघडीप दिली की उपयोग होतो. रत्नागिरीत किंवा मुंबईत जुलैची बाहेरची हवाच इतकी दमट असते की खिडकी उघडून ओल आत घेतल्यासारखं होतं. तिथे पंखा चालू ठेवा, एसी असेल तर दिवसातून थोडा वेळ ड्राय मोडवर. एसीच्या खोलीची भिंत पलीकडच्या बाजूने गार पडून घामेजते, त्या बाजूला कपाट असेल तर ते सरकवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे, हा नियम सगळीकडे.

कपाटातल्या डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा पाला कसरीसाठी. बुरशीला ते अडवत नाहीत. कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात ते खरंच पाणी ओढतात, पण दार सतत उघडंमिटं राहिलं तर आठवड्यात भरतात. पूर्वी कपाटात साधा पिवळा बल्ब जळत ठेवायचे, त्याच्या उष्णतेने काम व्हायचं. एलईडीने होत नाही, आणि कपड्यांजवळ पिवळा बल्ब ही आगीला वाट. इस्त्री केल्याकेल्या गरम कपडे घडी करून ठेवू नका, तासभर हवेशीर राहू द्या. पैठण्या आणि शालू पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून सुती कापडात गुंडाळा.

पिंपळ

शेवटी तो एक उपटसुंभ, ज्यात तण आणि ओल दोन्ही एकत्र येतात. कठड्याच्या सांध्यात, सांडपाण्याच्या पाइपामागे वड-पिंपळाचं रोप. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं आणि जिथे भेग ओली असते तिथेच रुजतं. म्हणजे गच्ची कुठे पाणी पिते हे त्याने फुकट दाखवलेलं असतं. वरून छाटलं तर मूळ भेगेत जाड होत जातं आणि सांधा उघडत जातो. वीतभर असतानाच, मोठा पाऊस झाल्यावर सांधा मऊ असताना, दोन्ही बाजूंचं प्लास्टर छिन्नीने थोडं उघडून मुळासकट काढा. पिंपळ तोडायला घरचे तयार नसतात. मुळं शाबूत निघाली तर कुंडीत लावा आणि पुढे रस्त्याकडेला किंवा देवळाच्या आवारात जागा बघून द्या. उघडलेला सांधा तात्पुरता ताडपत्रीने झाका, उघडीप मिळताच पॉलिमर मसाल्याने भरा, आणि पुढच्या मेमध्ये पाणी साठवायची चाचणी याच कोपऱ्यापासून सुरू करा.